किंमत दुप्पट झाली, पण परतावा किती?

राहण्यासाठी नव्हे, तर गुंतवणूक म्हणून घर घेऊ पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांतील निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रांतील रकमा वेगवेगळ्या होत्या. उत्तरे सर्वांना वापरता यावीत म्हणून प्रत्येक उदाहरणात घराची खरेदी-किंमत १०० धरली असून बाकीचे सर्व आकडे त्या प्रमाणात दिले आहेत. उदाहरणांतील दर हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. कोणत्याही बाजाराचे भाकीत म्हणून ते वाचू नयेत.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घराला आज बरोबर दुप्पट किंमत येत आहे. घर या काळात बंदच होते. दहा वर्षांत शंभर टक्के नफा, म्हणजे वर्षाला दहा टक्के झाले, असे मी म्हणतो. माझ्या धाकट्या बंधूंना ते मान्य नाही. कोणाचे बरोबर?

उत्तर : बंधूंचे बरोबर आहे, आणि कदाचित त्यांना वाटते त्याहूनही अधिक बरोबर आहे. पहिली चूक सरळव्याजाची आहे. मुदत ठेवीवर व्याजावर व्याज मिळते, म्हणून तिच्याशी तुलना करायची तर घराची वाढही चक्रवाढीनेच मोजली पाहिजे. रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागली त्या संख्येने ७२ ला भागले की वार्षिक चक्रवाढ दर जवळपास बरोबर मिळतो. ७२ भागिले १०, म्हणजे ७.२ टक्के. आपल्या दहा टक्क्यांतले जवळपास तीन टक्के इथेच गेले.

दुसरी चूक अशी की, आपण १०० गुंतवले असे धरले आहे, पण आपल्या खिशातून त्याहून अधिक गेले असणार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली यांवर समजा ८ गेले आणि घर ताब्यात आल्यावर दारे-खिडक्या, रंग, स्वयंपाकघराचा ओटा व कपाटे यांवर आणखी ४ गेले, तर गुंतवणूक ११२ झाली. विकतानाही दलाली आणि कागदपत्रांचा खर्च असतोच. तो विक्री-किमतीच्या ३ टक्के धरला, तर २०० पैकी १९४ हातात येतील. दहा वर्षांत ११२ चे १९४ होणे म्हणजे वार्षिक ५.६ टक्के.

आता तिसरी गोष्ट, जी बंद घराच्या मालकांच्या हिशेबात सहसा नसतेच. घर बंद असले तरी इमारतीचा सामाईक देखभाल खर्च, मालमत्ता कर, विमा आणि किरकोळ डागडुजी चालूच राहते. ती वर्षाला १.१ धरली, तर दहा वर्षांत ११ गेले. ही रक्कम एकदम गेली नाही, दर वर्षी थोडी थोडी गेली, म्हणून ती शेवटी नुसती वजा करून चालत नाही. पैसा ज्या वर्षी गेला त्या वर्षीच्या खात्यात ती मांडावी लागते. तसे मांडल्यावर परतावा सुमारे ४.९ टक्क्यांवर येतो. घर तेच, किंमत खरोखरच दुप्पट झालेली, आणि तरीही आपल्या दहा टक्क्यांचे निम्म्याहून कमी उरले.

हा शेवटचा हिशेब कागदावर किचकट होतो, पण संगणकावर सोपा आहे. एका रकान्यात तारखा लिहाव्यात, शेजारच्या रकान्यात त्या त्या तारखेला गेलेली रक्कम वजा चिन्हासह आणि आलेली रक्कम चिन्हाशिवाय लिहावी, आणि एक्सेलमधील एक्सआयआरआर हे सूत्र लावावे. जुन्या पावत्या शोधायला बसलात तर एक संध्याकाळ जाईल. पण दहा वर्षांचे खरे उत्तर मिळेल आणि घरातला वादही मिटेल.

प्रश्न : एका घराचे भाडे किमतीच्या ४.२ टक्के येते, असे दलालांनी सांगितले. मी ते घेतले आणि भाड्यानेही दिले. दोन वर्षांनी पाहतो तर हातात त्याच्या निम्मेही राहिलेले दिसत नाही. मला फसवले गेले का?

उत्तर : फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. आपल्याला ढोबळ भाडेदर सांगितला गेला आणि आपण तो निव्वळ समजलात. ढोबळ दर म्हणजे बारा महिन्यांचे भाडे भागिले घराची किंमत. त्यात भाडेकरू एकही महिना बदलत नाही, नळ गळत नाही आणि करही भरावा लागत नाही. असे घर मी अजून पाहिलेले नाही.

खऱ्या घराचा हिशेब साधारण असा उतरतो. महिन्याचे भाडे ०.३५, म्हणजे वर्षाचे ४.२. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा रिकामा काळ, रंगकाम आणि शोधाशोध धरून, सरासरीने वर्षाला एक महिना जातो असे मानले, तर प्रत्यक्ष जमा ३.८५ होते. त्यातून सामाईक देखभाल ०.५०, मालमत्ता कर ०.१५, विमा ०.०५, दुरुस्तीची तरतूद ०.४० आणि नवा भाडेकरू आणणे, करारनामा व देखरेख यांसाठी ०.२५ असे एकूण १.३५ वजा केले की २.५० उरतात. हे २.५० आपण १०० वर नव्हे, ११२ वर मिळवत आहात. म्हणून निव्वळ भाडेदर २.२ टक्के. दलालांच्या ४.२ पासून इथपर्यंत येताना कोणीही खोटे बोललेले नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर लागत असेल तर तो यातून आणखी जाईल. त्याचे नियम आणि वजावटी देशोदेशी वेगळ्या असल्याने मी इथे करपूर्व आकडेच देतो. आपल्या कर-सल्लागाराकडून करोत्तर आकडा काढून घ्यावा आणि दुसऱ्या गुंतवणुकीशी तुलना करताना दोन्हीकडे करोत्तर आकडेच वापरावेत.

तरीही २.२ टक्के पाहून निराश होऊ नये. वरच्या प्रश्नातील घरच घ्या. ते बंद न ठेवता भाड्याने दिले असते आणि दर वर्षी निव्वळ २.५० हातात पडले असते, तर दहा वर्षांचा एकूण परतावा ४.९ ऐवजी सुमारे ७.४ टक्के झाला असता. भाडे दहा वर्षे वाढलेच नाही, असे मानूनसुद्धा हा आकडा येतो. ज्यांना भाडेकरूची कटकट नको असते, त्यांनी त्या कटकटीची किंमत वर्षाला अडीच टक्के आहे हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा. काहींच्या बाबतीत ती मोजण्यासारखी असेलही.

यात महागाईचा विचार अजून केलेला नाही. याच काळात महागाई वर्षाला ५ टक्के राहिली असेल, तर ७.४ टक्क्यांतून खरी क्रयशक्ती वाढली ती सुमारे २.३ टक्क्यांनी, आणि बंद ठेवलेल्या घराची, म्हणजे ४.९ टक्केवाल्याची, क्रयशक्ती किंचित घटलीच.

प्रश्न : दुरुस्तीसाठी दर वर्षी किमतीच्या एक टक्का बाजूला ठेवावा, असे वाचले. आपण ०.४० का धरता? नव्या घराला दुरुस्ती लागतेच कुठे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन शंका आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. एक टक्क्याचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. पण त्याची मोठी अडचण अशी की तो किमतीला बांधलेला आहे. घराच्या किमतीत जमीन आणि बांधकाम असे दोन भाग असतात, आणि गळते, गंजते, तडकते ते बांधकाम; जमिनीला रंग लावावा लागत नाही. मोक्याच्या जागी असलेल्या घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथे किमतीच्या एक टक्का ही रक्कम दुरुस्तीच्या मानाने जास्त होते. त्याच आकाराचे, त्याच दर्जाचे घर आडबाजूला असेल तर किंमत निम्मी असेल, पण छताचे जलरोधन करणारा कारागीर काही निम्म्या मजुरीत येणार नाही. तिथे एक टक्का अपुरा पडू शकतो. दुरुस्तीचा अंदाज क्षेत्रफळ, बांधकामाचा दर्जा आणि वय यांवरून करावा.

मी वापरतो ती रीत थोडी मेहनतीची आहे. घरातल्या झिजणाऱ्या मोठ्या गोष्टींची यादी करावी, प्रत्येकीचा आजचा खर्च आणि ती साधारण किती वर्षे टिकते हे लिहावे, आणि खर्चाला वर्षांनी भागावे. समजा, रंगकामाला १ लागतो आणि ते पाच वर्षे टिकते, तर वर्षाला ०.२०. स्नानगृहे, नळजोडणी व ड्रेनेज मिळून ३ लागतात आणि वीस वर्षे टिकतात, तर ०.१५. वीजजोडणीला १.२५ आणि पंचवीस वर्षे, म्हणजे ०.०५. बेरीज ०.४०. हा आकडा इथून आला आहे. उद्वाहन, पाण्याचे पंप, गच्ची, बाहेरचा गिलावा ही सामाईक कामे मी त्यात घेतलेली नाहीत, कारण ती देखभाल वर्गणीतून होतात असे मानले आहे. ते आपल्या इमारतीत खरे आहे का, हे घर घेण्यापूर्वी विचारावे. इमारतीचा दुरुस्ती निधी रिकामा असेल आणि इमारत पंधरा-वीस वर्षांची असेल, तर कमी वर्गणी हा फायदा नसून पुढे ढकललेला खर्च आहे, आणि त्यातला आपला वाटा एक दिवस नोटीस होऊन दाराशी येईल. अशा घराच्या किमतीतून तो वाटा आधीच वजा करून बोलणी करावीत.

नव्या घराबद्दल. पहिली चार-पाच वर्षे प्रत्यक्ष खर्च जवळपास शून्य असतो, हे खरे. पण झीज पहिल्या दिवसापासून सुरू असते. पाचव्या वर्षी घर विकणारा मालक ती झीज खरेदीदाराच्या गळ्यात घालतो, आणि खरेदीदार चौकस असला तर तो ती किमतीतून कापून घेतोच. म्हणून नव्या घरासाठीही तरतूद हिशेबात धरावी. पैसे त्या वर्षी खर्च झाले नाहीत तर ते वेगळ्या खात्यात राहू द्यावेत.

प्रश्न : घराच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्के कर्ज मिळत आहे. स्वतःचे पैसे थोडे गुंतवायचे आणि वाढ मात्र पूर्ण घरावर मिळवायची, भाड्यातून हप्ता फेडायचा, अशी योजना आहे. कर्जामुळे परतावा वाढतो ना?

उत्तर : आपल्या योजनेतली दोन विधाने वेगळी करून पाहू.

भाड्यातून हप्ता फिटेल का? ७५ चे कर्ज, ९ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ०.६७५, म्हणजे वर्षाला ८.१ होतो. निव्वळ भाडे २.५० आहे. उरलेले ५.६ दर वर्षी आपल्या पगारातून जातील. यावर कोणी म्हणेल की हप्त्यात मुद्दलही फिटते, ती आपलीच बचत आहे. तत्त्वतः ते खरे आहे. पण पहिल्या हप्त्याच्या ०.६७५ पैकी ०.५६ निव्वळ व्याज असते आणि दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, नेमाने हप्ते भरल्यावरही ७५ पैकी ५३ बाकी असतात. वीस वर्षांत भरायची एकूण रक्कम १६२. कर्जदाराला मुदतीच्या मध्यावर निम्मे कर्ज फिटल्यासारखे वाटते, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

कर्जामुळे परतावा वाढेल का? पुन्हा तेच घर घेऊ, जे दहा वर्षांत दुप्पट झाले आणि भाड्यानेही दिलेले होते. स्वतःच्या पैशाने घेतले असते तर परतावा ७.४ टक्के होता. कर्जाने घेतले तर सुरुवातीच्या ११२ पैकी आपले ३७ लागतात, पुढे दर वर्षी ५.६ जातात आणि दहाव्या वर्षी विक्रीच्या १९४ मधून बँकेचे ५३ दिल्यावर सुमारे १४१ हातात येतात. परतावा काढला तर तो सहा टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे कर्जाशिवाय मिळाला असता त्याहून कमी! कारण उघड आहे. ७.४ टक्के मिळवून देणाऱ्या मालमत्तेसाठी ९ टक्क्यांनी पैसे आणले, तर प्रत्येक उसनी रक्कम आपल्या स्वतःच्या पैशाच्या कमाईतून भरपाई मागते. मालमत्तेचा एकूण परतावा कर्जाच्या दराहून जास्त असेल तरच कर्ज परतावा वाढवते. ही तुलना किंमतवाढीच्या दराशी करायची नाही आणि ढोबळ भाड्याशीही नाही; सर्व खर्च वजा जाता येणाऱ्या एकूण परताव्याशी करायची. व्याजावर करसवलत मिळत असेल तर कर्जाचा खरा दर तेवढा कमी धरावा.

उलट्या बाजूचा आकडाही पाहावा. समजा दोन वर्षांनी काही अडचणीमुळे घर विकावे लागले आणि तेव्हा किंमत १० टक्क्यांनी उतरलेली असली. ९० मधून विक्रीखर्च वजा जाता ८७.३ मिळतील आणि कर्जाची बाकी ७२ असेल, म्हणजे हातात १५ येतील. आपण तोवर ३७ आणि दोन वर्षांचे ११.२ मिळून ४८ घातलेले असतील. घराची किंमत एक दशांशाने घसरली आणि आपले दोन तृतीयांश पैसे गेले. यात बँकेने काही वावगे केलेले नाही, कर्जाचे गणितच तसे आहे. मी कर्जाच्या विरोधात नाही. परंतु ज्याच्याकडे किमान वर्षभराचे हप्ते, भाडे एक पैसाही न येता, भरण्याइतकी रोकड बाजूला नाही, त्याने गुंतवणुकीसाठी कर्जावर घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोट्यात विकण्याची वेळ बहुधा बाजार आणत नाही, रिकामा खिसा आणतो.

प्रश्न : बाकीचे सर्व आकडे चौकशी करून मिळतात, पण पुढील दहा वर्षांत किंमत किती वाढेल हे कसे ठरवायचे? अनुभवी लोक सांगतात की जमीन नवी तयार होत नाही, त्यामुळे घराची किंमत कधी उतरत नाही.

उत्तर : प्रथम या समजुतीविषयी. जपानमध्ये १९९० च्या सुमारास फुगलेल्या जमिनीच्या किमती १९९१ नंतर उतरू लागल्या आणि दशकाहून अधिक काळ उतरतच राहिल्या. तिथेही जमीन नवी तयार होत नव्हती. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती देशभराच्या सरासरीने पाव भागाहून अधिक घसरल्या. आणि फार दीर्घ काळ पाहायचा तर ॲमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचे व्यवहार १६२८ पासून नोंदलेले आहेत. युरोपातल्या सर्वांत प्रतिष्ठित वस्त्यांपैकी ती एक. महागाई वजा केल्यावर तिथल्या किमती १९७३ पर्यंतच्या साडेतीन शतकांत साधारण दुप्पट झाल्या, म्हणजे वर्षाला सुमारे ०.२ टक्के. मधल्या काळात दशकेच्या दशके मंदीची आणि तेजीची येऊन गेली. ज्याने जे दशक पाहिले तोच त्याला नियम वाटला असणार.

मग घरात पैसे घालणाऱ्यांना मिळाले काय? बरेचसे भाडे. सोळा प्रगत देशांच्या १८७० ते २०१५ या काळातील आकड्यांवरून असे निष्कर्ष निघाले की घरांचा महागाई वजा एकूण परतावा शेअरांच्या तोडीचा होता, आणि त्यात भाड्याचा वाटा फार मोठा होता. हे वाचून अनेकांना हर्ष झाला. नंतर ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील काही महाविद्यालयांच्या १९०१ ते १९८३ या काळातील प्रत्यक्ष हिशेबवह्या तपासल्या गेल्या. त्यांत दुरुस्ती, व्यवस्थापन आणि इतर खर्च पैशापैशाने नोंदलेले होते, आणि ते वजा केल्यावर निवासी मालमत्तेचा महागाई वजा परतावा वर्षाला सुमारे २.३ टक्के निघाला. देश, काळ आणि पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तरी खर्चाच्या वह्या उघडल्यावर चित्र किती बदलू शकते, याची त्यावरून कल्पना येते.

आता आपल्या अंदाजाविषयी. मी किंमतवाढीचा एक आकडा कधीच धरत नाही, तीन धरतो. पहिला, किंमत अजिबात वाढली नाही. दुसरा, किंमत महागाईइतकीच वाढली. तिसरा, आपल्याला मनापासून वाटतो तो. वरच्याच भाड्याने दिलेल्या घराला हे लावले, तर किंमत शून्य टक्के वाढल्यास दहा वर्षांचा परतावा जेमतेम १ टक्का येतो, महागाईइतकी, म्हणजे वर धरल्याप्रमाणे ५ टक्के, वाढल्यास ५.४ टक्के आणि ७.२ टक्के वाढल्यास ७.४ टक्के. या तुलनेत वर्षाला आणखी एक महिना घर रिकामे राहिले तर परतावा फक्त पाव टक्क्याने घटतो. म्हणजे ज्या आकड्याविषयी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे, त्याच्यावरच उत्तर सर्वाधिक अवलंबून आहे. हा या गुंतवणुकीचा स्वभाव आहे, आणि एखाद्या विक्री-प्रतिनिधीच्या तक्त्यात बारा टक्के वाढ दहा वर्षे सलग छापलेली दिसली की त्या तक्त्यातील बाकीचे सर्व रकाने वाचण्याची गरज नसते.

तिसऱ्या आकड्याला एक लगामही घालता येतो. किंमत ही वर्षाच्या भाड्याच्या किती पट आहे ते पाहावे. आपल्या उदाहरणात १०० भागिले ४.२, म्हणजे सुमारे २४ पट. किंमत वर्षाला ७ टक्के आणि भाडे ४ टक्के वाढत राहिले, तर दहा वर्षांनी ही पट ३२ च्या आसपास जाईल. त्या वेळी आपल्याकडून घर घेणारा माणूस ३२ वर्षांचे भाडे एकरकमी देण्यास का तयार होईल, याचे पटेल असे उत्तर सुचत नसेल, तर आकडा खाली आणावा. भाडे लोकांच्या पगारातून येते, आणि पगाराहून वेगाने ते फार काळ धावू शकत नाही.

प्रश्न : बांधकाम चालू असलेले घर तयार घरापेक्षा स्वस्त मिळते. ते घ्यावे का?

उत्तर : स्वस्त मिळते ते जोखमीपोटी आणि वाट पाहण्यापोटी. ताबा तीन वर्षांनी मिळेल आणि तेव्हा १०० चे १३० होतील असा अंदाज असेल, तर परतावा वर्षाला ९.१ टक्के. ताबा पाचव्या वर्षी मिळाला आणि किंमत तीच १३० राहिली, तर ५.४ टक्के. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतील तर दोन्ही आकडे काहीसे सुधारतात; पण कर्जाचे व्याज ताब्याची वाट पाहत नाही आणि भाडे मात्र ताब्यानंतरच सुरू होते. मी आपल्या जागी असतो तर दोन वर्षांचा उशीर गृहीत धरूनच तयार घराशी तुलना केली असती.

प्रश्न : मी स्वतःच राहतो त्या घराला परतावा असतो का?

उत्तर : असतो. आपण जे भाडे देत नाही ते आपले उत्पन्न. मात्र ते निव्वळ धरावे, कारण भाडेकरूला भरावे न लागणारे सर्व खर्च मालक म्हणून आपण भरत असता. रिकामा महिना तेवढा वाचतो.

प्रश्न : घर विकायला काढले आहे. मागितलेल्या किमतीहून चार टक्के कमी देणारा एक ग्राहक आज तयार आहे. थांबलो तर पूर्ण किंमत मिळेल, असे सर्वांचे मत आहे. किती थांबावे?

उत्तर : थांबण्याचाही दर असतो आणि तो काढता येतो. पहिल्या प्रश्नातील १९४ चीच रक्कम घ्या. ती आज हातात आली आणि इतरत्र ७ टक्क्यांनी ठेवता आली, तर सहा महिन्यांत ६.८ मिळतील. त्याच सहा महिन्यांत बंद घराचा खर्च ०.५५ होईल. दोन्ही मिळून ७.३, म्हणजे १९४ च्या ३.८ टक्के. याचा अर्थ, आज मिळणारी चार टक्के कमी किंमत आणि सहा महिन्यांनी मिळणारी पूर्ण किंमत यांत आपल्याला जवळपास काहीच फरक पडत नाही, आणि त्यातही सहा महिन्यांनंतरची किंमत अजून फक्त लोकांच्या मतात आहे. घरावर कर्ज बाकी असेल तर तेवढ्या रकमेसाठी ७ टक्क्यांऐवजी कर्जाचा दर धरावा. मग थांबण्याची मर्यादा आणखी जवळ येते. दोन-तीन महिन्यांत पूर्ण किंमत देणारा ग्राहक दृष्टिपथात असेल तर थांबावे. ‘कोणीतरी येईलच’ एवढ्याच भरवशावर थांबणार असाल, तर आजच्या ग्राहकाशी दोन टक्क्यांवर तडजोड होते का ते पाहावे, आणि न झाली तरी त्याला परत पाठवू नये.